घणसोलीतले पट्टेरी प्लायमाऊथ रॉक

पट्टेरी प्लायमाऊथ रॉक जातीच्या कोंबड्या बघायला जायचं तर थंडीत जा. पावसाळा सरता सरता पिसं झडतात, आणि जी जुनी उरलेली असतात त्यांच्यावर उन्हाने पितळी झाक चढते. तिच्यावरून पक्षी जोखणं हा निव्वळ अन्याय.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने घणसोली. रविवारी मेगाब्लॉक आहे का ते आधी बघा. गावठाणात या कोंबड्या पाळणारे आगरी दादा आधी फोन केल्याशिवाय कुणाला खुराड्याशी उभं करत नाहीत. घरी कोंबड्या असतील तर तिथल्या चपला घालून जाऊ नका. रोग चपलांबरोबरच फिरतात.

दादांनी कोंबडा काखेत धरून उजेडात आणला (ट्यूबलाइटखाली रंग बघूच नये) आणि पाठीवरचं पीस बोटाने उलटं केलं. थेट कातडीलगतच्या मऊ लवीपर्यंत पट्टे, फक्त पुसट. "वरून सगळेच देखणे. आत बघा!"

पट्टे पिसाच्या दांड्याला आडवे, सरळ हवेत, आणि टोक गडद पट्ट्यानेच संपायला हवं. गडद म्हणजे काळाकुट्ट नव्हे, फिका म्हणजे पांढराशुभ्र नव्हे. डॉमिनिक या दुसऱ्या पट्टेरी जातीच्या पिसावर पट्टे अस्पष्ट आणि वेडेवाकडे असतात, तो तिथे दोष नाही. शिवाय तिचा तुरा 'रोज कोंब' म्हणजे रुंद, पसरट ठेवणीचा, रॉकचा एकेरी. पीस वाढताना रंग भरतो, थांबतो, पुन्हा भरतो, त्यातून पट्टे उमटतात. म्हणूनच सावकाश पिसं येणाऱ्या पक्ष्यांचे पट्टे जास्त रेखीव.

नर-मादीला एकच फूटपट्टी लावू नका. पट्ट्याचा जनुक झेड या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतो. नराकडे त्याच्या दोन प्रती, मादीकडे एकच. त्यामुळे कोंबडा उजळ आणि तलंग गडद दिसणारच. प्रदर्शनात मात्र दोघांची छटा जुळती लागायची, म्हणून जुने शौकीन नरांसाठी एक आणि माद्यांसाठी दुसरी अशा पैदाशीच्या दोन वेगळ्या वंशावळी राखायचे. मला हा खटाटोप जरा अतीच वाटतो, पण दादांना तो पूर्ण पटलेला आहे.

शेवटी पंख पूर्ण उघडायला सांगा. अधलंमधलं अख्खं काळं पीस प्रदर्शनाआधी उपटून टाकणारे महाभाग असतात. मोठ्या पिसांच्या ओळीत फट दिसली तर तिथे काय होतं ते विचारा.