खांदेरी आणि मिस्चीफ रीफ
थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी-उंदेरी रोज दिसतात, त्यामुळे बेटावर ज्याच्या तोफा त्याचा समुद्र हे आम्हाला वेगळं शिकवावं लागत नाही, १६७९ला महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली तर इंग्रज लगेच गलबतं घेऊन अडवायला हजर. पण खांदेरी आपल्या दारात होती हो! मिस्चीफ रीफ हा दक्षिण चीन समुद्रातला प्रवाळ खडक चीनपासून हजार किलोमीटरच्या पुढे, फिलिपिन्सच्या हक्काच्या सागरी आर्थिक क्षेत्रात, तिथे २०१५ला चीनने ड्रेजरने वाळू उपसून जिवंत प्रवाळावर ओतली, पुढे त्यावर रनवे, रडार, मिसाईल. २०१५लाच चीनचे राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग म्हणाले लष्करीकरणाचा इरादा नाही. २०१६ला हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादाने चीनचा या समुद्रावरचा दावा फेटाळला, चीनने निकालच मानला नाही. मला राग येतो तो तिथल्या मच्छीमारांसाठी, बापजाद्यांच्या जागेवर मासे मारायला गेले की चिनी कोस्टगार्ड पाण्याचा मारा करतं, लाकडी होडी ती, किती टिकणार?