डेट्रॉइट नको, साउथ बेंडला चला

भारतातून कुणी शिकागोला आलं आणि जुन्या अमेरिकन गाड्यांचा विषय निघाला, की डेट्रॉइटचं नाव येतंच. मी मात्र त्यांना साउथ बेंडला नेते. इंडियाना राज्यातलं हे मध्यम आकाराचं शहर शिकागोहून गाडीने दोनेक तासांवर आहे. इथे स्टुडबेकर गाड्या बनायच्या.

सुरुवात लोहारकामाची. हेन्री आणि क्लेम या दोघा स्टुडबेकर भावांनी 1852 मध्ये 68 डॉलर भांडवलावर दुकान थाटलं. तिसरा भाऊ जॉन सोन्याच्या मागे कॅलिफोर्नियाला गेला खरा, पण खाणवाल्यांसाठी एकचाकी ढकलगाड्या बनवत बसला. सोनं शोधणारे किती खंक झाले कोण जाणे, हा पठ्ठ्या 1858 मध्ये 8,000 डॉलर गाठीला बांधून परतला आणि ते घरच्या धंद्यात घातले. पुढे यादवी युद्धात सरकारला मालवाहू घोडागाड्या पुरवून कंपनी फोफावली. मोटारी आल्यावर घोडागाड्या बनवणाऱ्या बहुतेकांनी गाशा गुंडाळला. यांनी मात्र 1902 मध्ये मोटार आणली, तीही विजेवर चालणारी! पेट्रोलची नंतर, 1904 मध्ये. इलेक्ट्रिक गाडी हा कालपरवाचा शोध आहे असं मानणाऱ्या तरुण पाहुण्यांना ही तारीख सांगताना मला फार मजा येते.

इथल्या संग्रहालयात लिंकन यांची बग्गी आहे. ज्या रात्री त्यांना गोळी लागली, त्या रात्री ते याच बग्गीतून नाटकाला गेले होते. ती स्टुडबेकरांनी बनवलेली नाही, संग्रहासाठी पुढे विकत घेतलेली. मी जास्त वेळ रेंगाळते ती 1950 च्या चॅम्पियन या स्टुडबेकर गाडीसमोर. बॉनेटच्या मधोमध विमानाच्या नाकासारखा क्रोमचा गोळा पुढे आलेला. सुंदर म्हणवत नाही, पण नजरही हटत नाही. त्याआधीच्या 1947 च्या कूपेची, म्हणजे दोन दारांच्या गाडीची, मागची काच इतकी लांबरुंद आणि वळलेली होती, की ही गाडी नेमकी येतेय की जातेय, असा विनोद लोक करायचे.

एवढं सगळं असूनही कंपनी टिकली नाही. मजुरीचा खर्च मोठा, उत्पादन कमी, आणि समोर फोर्ड-जनरल मोटर्सची किमतीची लढाई. 1954 मध्ये पॅकार्ड या दुसऱ्या मोटार कंपनीशी संसार थाटला, तोही धड झाला नाही. डिसेंबर 1963 मध्ये साउथ बेंडच्या कारखान्याला टाळं लागलं. कॅनडातल्या हॅमिल्टनला काम चालू राहिलं, ते मार्च 1966 पर्यंत.

माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढे आहे. पेन्शन फंडात सगळ्यांची देणी भागतील एवढा पैसाच नव्हता. साठीच्या पुढच्यांना ठरलेलं पेन्शन मिळालं. चाळीस ते साठच्या दरम्यानच्या, किमान दहा वर्षं नोकरी झालेल्या चार हजारांवर कामगारांच्या हाती हक्काच्या रकमेच्या जेमतेम 15 टक्के पडले. त्याहून तरुण असलेल्यांना काहीच नाही. वीस-वीस वर्षं घाम गाळलेली माणसं होती ती. या प्रकरणाचा दाखला पुढे वर्षानुवर्षं दिला गेला आणि 1974 मध्ये खाजगी पेन्शनला संरक्षण देणारा कायदा झाला. पेन्शनचा विमा उतरवणारं सरकारी महामंडळही त्यातूनच आलं. कायद्यावर सही केली राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी! मोटारवाल्या फोर्डांशी त्यांचा संबंध नाही, पण योगायोग भारीच.

जाणार असाल तर डिझायनर रेमंड लोवी यांच्या चमूने घडवलेली स्टुडबेकरची अवांती ही गाडी शेवटी बघा. फायबरग्लासची बॉडी, पुढे जाळीच नाही, हवा बंपरखालून आत. कारखाना बंद झाल्यावरही गावातल्याच दोन विक्रेत्यांनी साचे विकत घेतले आणि 1965 पासून शेव्हरोलेटचं इंजिन बसवून ती हाताने बनवत राहिले. आधी तीच बघितलीत तर बाकीच्या गाड्यांवर अन्याय होतो.