बदलीची वही, भाग ९: बेनेटची ओळ हिरवी झाली (बरं, पोपटी)

ही वही आइस हॉकीतल्या, एनएचएल या उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधल्या बदल्यांची: नव्या संघात खेळाडू बहरला तर ओळ हिरवी, कोमेजला तर लाल, ठरत नसेल तर पिवळी. शुक्रवारी रात्री साडेबाराला सॅम बेनेटची ओळ मी शेवटी रंगवली. दोन वर्षं ती पिवळी होती. जून २०२५ मध्ये त्याने १५ प्लेऑफ गोल मारून कॉन स्माइथ (प्लेऑफच्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी) उचलली, तेव्हा तुमच्यापैकी निम्म्यांनी मला टोचलं होतं, "आता तरी हिरवी करा." मी हटून बसलो. हिरवी का करायची हे मलाच सांगता येत नव्हतं, म्हणून बसलो. आता सांगता येतं, पण त्याआधी एक फजिती.

वहीतलं सगळं शीटमध्ये चढवायचं काम या महिन्यात संपवलं. शनिवारी पहिल्यांदा पूर्ण यादी गुणांनुसार लावली आणि सगळ्यात वर कोण? जो थॉर्नटन, २००५-०६, गुण (गोल आणि गोलाला दिलेले पास मिळून) २५०. ग्रेट्झकीच्या एका हंगामातल्या २१५ च्या विक्रमाला पस्तीसने मागे टाकून! दोन मिनिटं मी नुसता बघत बसलो. मग लक्षात आलं. हंगामाच्या मधेच संघ बदललेल्या खेळाडूच्या तीन ओळी येतात: जुना संघ, नवा संघ आणि दोघांची बेरीज. मी तिन्ही ओळी जशाच्या तशा उचलल्या होत्या. बॉस्टनचे ३३, सॅन होजेचे ९२ आणि वर पुन्हा तेच १२५. मधेच बदली झालेला प्रत्येक जण असा दुप्पट झाला होता. रविवारची अख्खी दुपार बेरजेच्या ओळी हाताने उडवण्यात गेली. जेवायला ये म्हणून तीन हाका आल्या, तिसऱ्या हाकेत माझं पूर्ण नाव होतं.

नवनीतच्या दोनशे पानी वहीत ही चूक होऊच शकली नसती हे नोंदवून ठेवतो. पेन्सिलने २५० लिहिताना हात आपोआप थांबतो. शीटला कसलीच लाज नाही.

थॉर्नटन मात्र या गोंधळात मला एक गोष्ट दाखवून गेला. बॉस्टनमध्ये २३ सामन्यांत ३३ म्हणजे दरसामना १.४३. सॅन होजेत ५८ सामन्यांत ९२, म्हणजे १.५९. त्या वर्षी हार्ट (सर्वात मौल्यवान खेळाडू) आणि आर्ट रॉस (सर्वाधिक गुण) या दोन्ही ट्रॉफी त्याच्या, आणि त्याच्या पासांवर सोबती चीचूचे ५६ गोल. "बदलीनंतर बहरला" म्हटलं की पहिलं नाव त्याचंच घेतात. पण १.४३ वर असलेला माणूस कोमेजलेला होता असं कोण म्हणेल? हरत होता बॉस्टनचा संघ, आणि बिल फाटलं कॅप्टनच्या, म्हणजे त्याच्या नावावर. त्याची हिरवी ओळ मी काढून टाकली. चिडू नका, खाली सांगतो.

आता खरं दुखणं. मागच्या भागानंतर नागपूरच्या आपल्या भाऊंनी विचारलं होतं, "तुमच्या यादीत आठातले सहा जण बहरतात. बदली ही इतकी गुणकारी असेल तर मग रोज का करत नाहीत?" मी तेव्हा हसून सोडून दिलं. नंतर तीन आठवडे झोप नीट लागली नाही.

माझा "आधी"चा खाना म्हणजे बदलीच्या लगेच आधीचा हंगाम. पण माणसाला संघ काढतो कधी? वर्ष वाईट गेलं की. म्हणजे मी प्रत्येकाला नेमका तापात पकडून थर्मामीटर लावत होतो. १०३ ताप असताना अंगारा लावला तरी दोन दिवसांत उतरतोच, आणि श्रेय अंगाऱ्याला जातं. माझ्या वहीतली बरीच हिरवी पानं ही अंगाऱ्याची पानं होती.

ठरवलं की "आधी" म्हणजे तीन हंगाम, "नंतर" म्हणजे दोन. लावून बघितलं आणि मार्कस नेसलंड लाल झाला. नेसलंड! पिट्सबर्गने २० मार्च १९९६ ला त्याला व्हँकुव्हरला दिलं आणि बदल्यात अलेक स्टोयानॉव घेतला, ज्याचे अख्ख्या एनएचएल कारकिर्दीत दोन गोल. एकतर्फी बदल्यांच्या कुठल्याही यादीत ही वरच्या तिनात असते, आणि माझ्या शीटमध्ये लाल.

शीटचं चुकलं नव्हतं. १९९५-९६ मध्ये पिट्सबर्गकडून ६६ सामन्यांत ५२ गुण, ०.७९. व्हँकुव्हरला पहिल्या पूर्ण हंगामात ७८ सामन्यांत ४१, पुढच्यात ७६ सामन्यांत ३४. म्हणजे ०.५३ आणि ०.४५. पिट्सबर्गच्या आधीच्या दोन हंगामांत तो फारसा चमकलाच नव्हता (एकात ७१ सामन्यांत ११ गुण, दुसऱ्यात जेमतेम १४ सामने), म्हणून तीन वर्षांची बेरीज बरीच खाली येते. तरी नवखेपणाच्या वर्षांना मी कमी वजन देतो, त्यामुळे रंग लालच. दोन वर्षं थांबून हिशेब मांडला असता तर व्हँकुव्हरचं नुकसान निघालं असतं. फुलायला तिसरं वर्ष लागलं: १९९८-९९ मध्ये ३६ गोल, आणि २००२-०३ मध्ये ४८ गोल, १०४ गुण.

बरं, "नंतर"चा खाना सात वर्षांचा करू? केला. लगेच नवं भूत. बदली झाली तेव्हा नेसलंड २२ वर्षांचा होता. व्हँकुव्हरहून बॉस्टनला गेलेल्या कॅम नीलीची बदली तर त्याच्या एकविसाव्या वाढदिवशी झाली, ६ जून १९८६. ही मुलं घरी राहिली असती तरी वाढलीच असती ना? सात वर्षांत कुणाचं पोर उंच होत नाही? शिवाय नेसलंडचे ते ५२ गुण ज्या संघात झाले तिथे त्या वर्षी लेम्यू १६१ आणि यागर १४९ वर होते. त्या वडाखाली तो खुरटला म्हणायचा की त्या सावलीत पोसला?

खिडकी (मोजायची वर्षं) लहान केली तर अंगारा, मोठी केली तर वय. या दोन्हींच्या मधे मी ऑक्टोबरपासून अडकलो होतो.

सुटका बेनेटने केली. खरं तर ह्युबर्डोने.

आम्हा कॅल्गरीकरांना बेनेट पाठ आहे. २०१४ च्या नवोदितांच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) चौथ्या क्रमांकावर घेतलेला, शारीरिक चाचणीत एकही पुल-अप न काढता आल्याने चेष्टेचा विषय झालेला. कॅल्गरीत ४०२ सामन्यांत १४० गुण, ०.३५. कधी विंगवर, कधी सेंटरला, कधी चौथ्या लाइनवर (लाइन म्हणजे एकत्र उतरणारी तिघांची फळी, चौथी सगळ्यात खालची). शेवटच्या, म्हणजे २०२०-२१ च्या हंगामात ३८ सामन्यांत १२, ०.३२. इथे पहिली गाठ सुटली: शेवटचं वर्ष आणि अख्खा मुक्काम यांत फरकच नाही. म्हणजे ताप नव्हता, प्रकृतीच तशी होती. अंगाऱ्याचा प्रश्न मिटला.

१२ एप्रिल २०२१ ला तो फ्लोरिडाला गेला. दहा सामन्यांत १५ गुण. तुम्ही तेव्हाच नाचलात. दहा सामन्यांत काय, आमच्या गल्लीतला पोरगाही चमकतो. पुढचं वर्ष मात्र भरभक्कम: ७१ सामन्यांत २८ गोल, ४९ गुण, ०.६९. दुसऱ्या लाइनचा सेंटर, आणि शेजारी विंगवर जोनाथन ह्युबर्डो, ज्याने त्या वर्षी ११५ गुण केले. इथे मी पिवळा रंग धरून बसलो होतो. ११५ वाल्याच्या शेजारी उभं राहून ४९ करण्यात बेनेटचं किती आणि शेजाऱ्याचं किती?

गेल्या शुक्रवारी भांडी घासताना डोक्यात आलं की हा प्रयोग तर कुणीतरी करून ठेवलाय! २२ जुलै २०२२ ला ह्युबर्डोलाच उचलून आमच्याकडे पाठवलं, मॅथ्यू टकाचकच्या बदल्यात. म्हणजे बेनेट तिथेच, लाइन तीच, शेजारी गेला. हात तसेच ओले घेऊन शीट उघडली. शेजारी गेल्यानंतरची बेनेटची तीन वर्षं: ६३ सामन्यांत ४०, ६९ मध्ये ४१, ७६ मध्ये ५१. एकूण २०८ सामन्यांत १३२ गुण, ०.६३. कॅल्गरीतल्या ०.३५ च्या जवळपास पावणेदोनपट, ह्युबर्डोशिवाय, चोविशी उलटल्यावर.

आणि ह्युबर्डो? ८० सामन्यांत ११५ वरून पहिल्याच वर्षी ७९ सामन्यांत ५५. १.४४ वरून थेट ०.७०. मी सॅडलडोममध्ये, आमच्या स्टेडियममध्ये, बसून पाहिलंय ते वर्ष, मला आकडे नकोत. पास द्यायला वर बघायचा आणि तिथे कुणी नसायचं.

म्हणून नवा नियम, यापुढे "शेजारी कसोटी" म्हणू: बदलीनंतरचा शेजारीसुद्धा बदलला आणि तरी दरसामना टिकला, तरच हिरवा. खिडकी किती वर्षांची हा प्रश्नच गळून पडतो, कारण मोजायचं कधीपासून ते शेजारी जाण्याच्या तारखेवरून ठरतं.

भोक एकच. ह्युबर्डोच्या जागी आलेला टकाचक काही गरीब शेजारी नव्हे. त्याने पहिल्याच वर्षी १०९ केले. एक बंगला पाडून दुसरा बांधला, झोपडी नव्हे. म्हणून रंग पक्का हिरवा नाही, पोपटी. जास्त ताणू नका.

हे लिहिता लिहिताच दुसरं सुचलं, म्हणून गोलरक्षकांचा जो तक्ता या भागात देणार होतो तो पुढे ढकलतोय. हाशेक कुठे पळत नाही. सहा वेझिना (सर्वोत्तम गोलरक्षकाची ट्रॉफी) घेऊन बसलाय. शेजारी कसोटी आधी ब्रेट हलला लावतो. कॅल्गरीने त्याला ७ मार्च १९८८ ला सेंट लुईसला दिलं. पुढच्या वर्षी तिथे अ‍ॅडम ओट्स आला आणि हलचे ७२, ८६, ७० गोल झाले. ओट्स फेब्रुवारी १९९२ मध्ये बॉस्टनला गेला. त्यानंतरची दोन वर्षं: ५४ आणि ५७. शेजाऱ्याचा वाटा डोळ्यांनी दिसतोय, आणि उरलेलंही कमी नाही. पण हल कॅल्गरीतही ५२ सामन्यांत २६ गोल मारून गेला होता, म्हणजे थॉर्नटनसारखाच: रोप आधीच डवरलेलं. यांच्यासाठी वेगळा रंग लागेल. निळा?

हलवरून फ्लेम्सना (कॅल्गरीच्या संघाला) शिव्या घालणाऱ्यांसाठी: बदल्यात आलेले रॅमेज आणि वॉम्सली १९८९ च्या स्टॅनले कपवर (लीगच्या विजेत्याचा चषक) नाव कोरून आहेत. तो कप आमचा एकमेव. माझ्यापुरता तो सौदा मिटला.

आणि नाही, मार्टिन सेंट लुईला वहीत घेणार नाही. दर भागाला कुणीतरी विचारतंच. त्याची बदली झालीच नव्हती. २००० मध्ये आम्ही त्याला नुसता सोडला आणि टँपाने फुकटात घेतला. चार वर्षांनी अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात, आमच्याच घरी, दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये त्याने गोल मारला. मी तेव्हा पुण्यात होतो, तरी इथली माणसं मला तो गोल असा सांगतात की जणू मीच मधे पडायला हवं होतं. नियम तो नियम.

आईला फोनवर ही प्रगती सांगितली. ती खडकीची, तिच्यासाठी हॉकी म्हणजे धनराज पिल्ले आणि गवत. सगळं ऐकून म्हणाली, "बर्फावर पडत नाहीत का रे?"

खेळाडूंच्या कार्डांच्या अल्बमचं थोडक्यात. डावीकडे माहेरची जर्सी, उजवीकडे सासरची, हे तुम्हाला माहीत आहेच. नीलीचा व्हँकुव्हरच्या काळ्या-पिवळ्या जर्सीतला कार्ड शेवटी मिळाला. मिशी फुटायच्या वयातला चेहरा. त्याच्याबरोबर बॉस्टनला पहिल्या फेरीची निवडही मिळाली होती, जिच्यातून ग्लेन वेस्ली आला, म्हणून वेस्लीचा कार्ड खालच्या कप्प्यात. बदल्यात बॉस्टनने दिलेल्या बॅरी पेडरसनवर मात्र हसू नका. त्याने व्हँकुव्हरला पहिल्याच वर्षी ७६ गुण दिले होते, नीलीपेक्षा चार जास्त.

बेनेटचा फ्लोरिडाचा कार्ड मागवला होता, तो एका विक्रेत्याने साध्या पाकिटात, टॉपलोडरशिवाय (कार्डाचं कडक प्लॅस्टिकचं कव्हर), घडी घालण्याइतक्या मायेने पाठवला. वरचा उजवा कोपरा गेला. चार डॉलर वाचवायला स्वस्त पोस्टेज निवडलं ते मीच, त्यामुळे अर्धा दोष माझा. यापुढे टॉपलोडर आणि पुठ्ठा नसेल तर घेणार नाही, कार्ड कितीही स्वस्त असो.

शीटमध्ये एकच ओळ पांढरी आहे: मिको रँटनेन. एकाच हंगामात कोलोरॅडोत ४९ सामन्यांत ६४, कॅरोलायनात १३ सामन्यांत ६, डॅलसमध्ये २० सामन्यांत १८. म्हणजे १.३१, ०.४६, ०.९०. या आकड्यांवर तो सरळ लाल. आणि मग ३ मे २०२५, प्लेऑफचा निर्णायक सातवा सामना, समोर कोलोरॅडोच, तिसऱ्या सत्रात हॅटट्रिक. शेजारी कसोटी लावायला त्याचा शेजारी अजून हललेला नाही. अल्बमात त्याला तीन कप्पे लागतात आणि माझ्या पानांवर दोनच आहेत. तीन कप्प्यांची पानं कुणी कुठून घेतली असतील तर सांगा, नऊ कप्प्यांची नकोत.