सातवीच्या वर्गात टायलेनॉलची केस

सातवीला स्टेकहोल्डर, म्हणजे कंपनीच्या निर्णयाशी ज्यांचा संबंध येतो ते सगळे, शिकवताना मी मुद्दाम खरीच केस घेते, कारण काल्पनिक कंपनी दिली की मुलं ग्राहक, मालक, कामगार एवढं लिहून मोकळी होतात. यावेळी १९८२ ची टायलेनॉलची घेतली. शिकागो परिसरात या वेदनाशामक कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड घातलं, ७ जण गेले, आणि विष कारखान्यात नाही तर माल बाहेर पडल्यावर घातलं गेलं असंच तपासात दिसत होतं. प्रश्न एवढाच, टायलेनॉल विकणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातला माल परत मागवायचा का आणि त्याचा फरक कोणाकोणाला पडेल?

सुरुवातीची नावं नेहमीचीच आली. मग एकजण म्हणाला, ज्यांचं आज डोकं दुखतंय आणि गोळी मिळणार नाही त्यांचं काय, दुसरीने कॅप्सूल बनवणाऱ्या बाकीच्या कंपन्या आणल्या (हे मोठ्यांनाही चटकन सुचत नाही), आणि मागून प्रश्न आला, "मॅडम, ज्याने विष घातलं तो पण स्टेकहोल्डर का?"

वर्गात नुसता गोंधळ. व्यवस्थापनाचे अभ्यासक फ्रीमन यांची स्टेकहोल्डरची १९८४ ची व्याख्या घेतली तर जो कंपनीवर परिणाम करू शकतो तोही त्यात येतो, म्हणजे हा माणूस येतोच! आम्ही फळ्यावर चार चौकोनांचा तक्ता काढलेला, एकीकडे ताकद, दुसरीकडे किती फरक पडतो ते. तो बसला वरच्या चौकोनात, आणि गेलेल्यांच्या घरचे खाली, जिथे नियमाप्रमाणे फक्त ‘माहिती देत राहा’ एवढंच करायचं असतं. एक मुलगी उभीच राहिली, म्हणाली हा तक्ता कंपनीला कोण त्रास देऊ शकतं ते सांगतो, कंपनी कोणाचं देणं लागते ते कुठे सांगतो?

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं हो. १९९७ मध्ये मिचेल, अ‍ॅगल आणि वुड या अभ्यासकांनी ताकदीसोबत हक्क आणि तातडी असे आणखी दोन निकष मांडले ते याच अडचणीसाठी, आणि ही बारा वर्षांची पोर स्वतःहून तिथवर पोचली. मग सगळ्यांनी हक्काचा कॉलम जोडला. विष घालणाऱ्याची ताकद भरपूर पण हक्क शून्य, घरच्यांचं बरोबर उलटं.

त्यानंतरच मी पुढचं सांगितलं, कंपनीने साधारण ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या, १० कोटी डॉलरच्या वर फटका बसला, आणि कंपनीच्या १९४३ च्या जाहीरनाम्यात, कंपनी कोणाला बांधील आहे ते सांगताना, शेअरहोल्डर सगळ्यात शेवटी लिहिलेत. यावर लगेच एकाने विचारलं, पैसे त्यांचे गेले तर त्यांना विचारलं होतं का? अर्धा वर्ग त्याच्या बाजूने, अर्धा विरुद्ध, आणि मला दोन्ही बाजू ऐकायच्याच होत्या पण तास संपला. १९८६ मध्ये न्यूयॉर्कजवळ असाच आणखी एक मृत्यू झाला आणि कंपनीने कॅप्सूलच बंद केल्या, त्या निर्णयाचा तक्ता आता घरून करून आणायला सांगितलाय, हक्काच्या कॉलमसकट.