फ्रिजमधली पाण्याची टाकी बदलणे: टाकी बसली, जोडांची तपासणी चालू

सध्याची स्थिती: जुनी टाकी बाहेर, नवी जागेवर, दोन्ही नळ्या जोडलेल्या. मागचं झाकण मुद्दाम अजून लावलेलं नाही.

टाकी भाजीच्या ड्रॉवरमागे होती. प्लग काढून कॉक बंद केला. तरी टाकीत लिटरभर पाणी राहतंच, म्हणून नळी उपसण्याआधी खाली पसरट ट्रे हवा. कोणती नळी कुठल्या तोंडाला होती याचा फोटो आधीच काढावा. उलट जोडली तर हवा अडकून राहू शकते आणि पाणी घेऊन झाल्यावरही डिस्पेन्सर (फ्रिजचा पाणी घ्यायचा नळ) टपकत बसतो.

जुनी टाकी शिवणीवर उकललेली आणि पोटाला फुगलेली निघाली. म्हणजे पाणी आत गोठलं होतं. हे कारण न शोधता टाकी बदलणं म्हणजे नव्या टाकीचाही बळी देणं. एअर डॅम्पर (फ्रीझरची थंड हवा खाली सोडणारी झडप) उघडाच अडकला तर फ्रीझरची थंड हवा थेट ड्रॉवरमागे येत राहते. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर बुडवून तो रात्रभर तिथेच ठेवावा. 3–4 अंश सेल्सिअस ठीक. शून्याच्या आसपास असेल तर आधी डॅम्पर.

खरी कसोटी जोडांची. नळी 1/4 इंची, म्हणजे बाहेरून 6.35 मिमी. 6 मिमीची नळी त्याच फिटिंगमध्ये (नळी आत ढकलून बसवायचा जोड) सहज जाते, घट्टही वाटते आणि मग झिरपते. कात्रीने कापू नये. तोंड चपटं होतं आणि तिरकी कड फिटिंगमधल्या ओ-रिंगला (पाणी अडवणारी रबरी कडी) ओरखडते. ट्यूब कटरने काटकोनात कापून टोकापासून 16 मिमीवर मार्करने खूण केली. नळी आत सरकवताना दोनदा अडते: आधी फिटिंगमधले दात पकडतात, मग ओ-रिंग. बरेच जण पहिल्या अडथळ्यालाच थांबतात. खूण कॉलरपाशी (फिटिंगच्या तोंडाची दाबता येणारी कडी) पोचली की उलट ओढून बघायचं. काढताना कॉलर सगळीकडून सारखी दाबून धरावी. जुनी नळी पुन्हा वापरायची तर दातांचे ओरखडे असलेला टोकाचा भाग कापून टाकावा. फिटिंगलगत नळी सरळच हवी, तिथे बाक आला की ओ-रिंगवर एका बाजूने ताण येतो.

इथे डिस्पेन्सर दाबल्यावर पाणी सोडणारा व्हॉल्व्ह टाकीच्या आधी आहे, त्यामुळे टाकीवर पूर्ण दाब फक्त पाणी घेतानाच येतो. नुसता कॉक उघडून गळती तपासण्यात अर्थ नाही. फ्रिज चालू करून, कॉक उघडून डिस्पेन्सर 5 सेकंद दाबणं, 5 सेकंद सोडणं. टाकी भरेपर्यंत काहीच येत नाही, मग फुरफुर, मग धार. पहिलं 10–12 लिटर पाणी ओतून द्यायचं.

उरलेलं काम: जोडांना गुंडाळलेला कोरडा टिश्यू उद्या बघणे. नळ्या जिथून बाहेर जातात ती भोकं पुटीने बुजवणे, नाहीतर बाहेरची दमट हवा आत शिरून तिथे बर्फ धरतो. टिश्यू कोरडा निघाला तरच झाकण.