मानवशास्त्राच्या थिअरीज मला एका बेटावर कळल्या

पहिल्या सेमिस्टरला मी उत्क्रांतिवाद, प्रकार्यवाद, संरचनावाद असा तक्ता करून नाव-साल-पुस्तक पाठ करायचे, परीक्षेत लिहूनही यायचे, पण उत्क्रांतिवादी टायलरचं अमेरिकेतल्या बोआस या मानवशास्त्रज्ञाला नेमकं काय पटलं नाही हे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मग तक्ता ठेवून दिला आणि एकच जागा धरली, न्यू गिनीच्या पूर्वेची ट्रोब्रिअंड बेटं. पहिल्या महायुद्धाच्या काळात मॅलिनोव्स्की हा मानवशास्त्रज्ञ तिथे राहिला, भाषा शिकला आणि 1922 ला त्याचं कुलावरचं, म्हणजे तिथल्या देवाणघेवाणीच्या प्रथेवरचं पुस्तक आलं. शिंपल्यांच्या लाल माळा बेटाबेटांतून घड्याळाच्या दिशेने फिरतात, पांढरी कडी उलट्या दिशेने, कायमची कुणी ठेवून घेत नाही आणि त्यासाठी लोक होड्या घेऊन भर समुद्रात जातात. का जातात? या एका प्रश्नाने सगळं सुटत गेलं. उत्क्रांतिवादी मॉर्गनच्या शिडीवर (रानटी, मग अर्धरानटी, मग सुसंस्कृत) कुला ठेवला तर फक्त पायरी कळते, बाकी काहीच नाही. मॅलिनोव्स्की म्हणतो तिथल्या माणसाच्या नजरेने बघा. 1925 ला फ्रेंच अभ्यासक मॉस तेच वाचून म्हणतो की भेट द्यावी लागते, घ्यावी लागते आणि परतही करावी लागते, त्यातूनच समाज बांधला जातो. मला मॉस सगळ्यात जास्त आवडला, अजूनही आवडतो.

संरचनावादाला (रीतींमागची लपलेली रचना शोधणारी थिअरी) मात्र महिना गेला. संरचनावादी लेव्ही-स्ट्रॉसने मॉसचीच देवाणघेवाण 1949 ला लग्नसंबंधांना लावली, गट एकमेकांना बायका देतात असं, हे कळलं तेव्हा थिअरी समजली पण मनाला लागलंही. त्यानंतर ॲनेट वायनर ही मानवशास्त्रज्ञ वाचली. ती 1970 च्या दशकात त्याच बेटांवर गेली तर तिथे कुणी वारलं की बायका वाळलेल्या केळीच्या पानांच्या जुड्या वाटतात आणि ती त्यांची खरीखुरी संपत्ती असते. मॅलिनोव्स्की दोनेक वर्षं राहून त्याला ह्याचं महत्त्व कळलं नव्हतं! स्त्रीवादी मानवशास्त्र का लागलं हे मला त्या पानांनी जितकं पटवलं तितकं कुठल्याही व्याख्येने नाही.

मॅलिनोव्स्कीची डायरी 1967 ला, म्हणजे तो गेल्यावर छापली गेली, त्यात तिथल्या लोकांबद्दलचा वैताग आणि तुच्छता वाचून मी दोन दिवस पुस्तक उघडलं नाही, पण ती वाचाच.

आता गीर्ट्झ हा मानवशास्त्रज्ञ चालू आहे, बालीतल्या कोंबड्यांच्या झुंजीवरचा निबंध तिसऱ्यांदा वाचतेय.