स्क्रीन नवे, तरी अक्षरं धूसर?

आज ऑफिसातले सूचनांचे सगळे स्क्रीन फुल एचडीवर गेले. पॅनल बदलणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. खरी गोम असते प्लेअर (चित्र पुरवणारा डबा) आणि स्क्रीन यांच्या मधल्या डब्यांत.

एकाच प्लेअरवर स्प्लिटर (एक सिग्नल अनेक स्क्रीनना वाटणारा डबा) लावून चार स्क्रीन चालवताय आणि त्यात एक जुना १३६६ बाय ७६८ चा राहिलाय? मग बरेच स्प्लिटर चौघांनाही झेपेल तेवढंच रिझोल्यूशन प्लेअरकडे मागतात. एका जुन्यापायी तीन नवे ७२०पी (१२८० बाय ७२०) वर अडकतात आणि बारीक मजकूर फुगीर, धूसर दिसतो. तो जुना काढा, नाहीतर स्प्लिटरवरच्या ईडीआयडी (स्क्रीनला काय झेपतं ते प्लेअरला सांगणारी माहिती) स्विचने १०८०पी, म्हणजे फुल एचडी, ६० हर्ट्झ पक्कं करा. जुना पॅनल तो सिग्नल घेतो का, हे मात्र आधी बघा.

साधी एचडीएमआय केबल साधारण १० मीटरपर्यंत ठीक. फार लांबवली की ठिपके चमकतात, स्क्रीन मध्येच काळा होतो. तिथे कॅट-६ या नेटवर्क केबलवरून सिग्नल लांब नेणारा एक्स्टेंडर लावा.

खालची सूचनांची पट्टी कापली जातेय? तो टीव्हीचा ओव्हरस्कॅन, म्हणजे चित्र थोडं मोठं करून कडा कापणं. पिक्चर साइझमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' शोधा. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, हा एक वैतागच!

१०२४ बाय ७६८ च्या जुन्या स्लाइड ताणू नका, माणसं जाडी दिसतात. १९२० बाय १०८० वर नव्याने करा, उभ्या स्क्रीनसाठी १०८० बाय १९२०. मजकुराच्या स्लाइड पीएनजीत ठेवा. जेपीजी जास्त दाबली की मात्रा-वेलांट्यांभोवती डाग पडतात. व्हिडिओ एच.२६४ (व्हिडिओ दाबायची एक पद्धत) मध्ये, ८ ते १० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), आणि रात्रीच प्लेअरमध्ये उतरवून ठेवलेले.